आठ नंबरचा बॉल ब्रेकलाच गेला, तर जिंकलं कोण?

एट-बॉल या पूलच्या खेळात ब्रेक, म्हणजे त्रिकोणात रचलेल्या बॉलवरचा पहिला शॉट, बसतो. पंधरा बॉल टेबलभर उधळतात आणि त्या गडबडीत काळा, आठ नंबरचा बॉल सरळ कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये जाऊन पडतो. आता पुढे काय?

अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन या अमेरिकेतल्या मोठ्या हौशी लीगच्या नियमांनी खेळत असाल आणि पांढरा बॉल टेबलावर शाबूत असेल, तर गेम तिथेच संपला. ब्रेक मारणारा जिंकला. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेचे नियम लावले असतील, तर अजून कुणीच जिंकलेलं नाही. आठ परत टेबलावर ठेवून आहे तसा खेळ पुढे न्यायचा, की सगळे बॉल पुन्हा लावून नव्यानं ब्रेक मारायचा, हे ब्रेक मारणाऱ्यानं ठरवायचं. आणि लाल-पिवळ्या बॉलचा ब्लॅकबॉल, म्हणजे एट-बॉलचा इंग्लिश प्रकार, खेळत असाल, तर निवडीचा प्रश्नच येत नाही. सगळे बॉल परत त्रिकोणात जातात आणि तोच खेळाडू पुन्हा ब्रेक मारतो.

शॉट एक आणि निकाल तीन. एट-बॉलवरून टेबलाभोवती जी भांडणं होतात, त्यातली बहुतेक इथून सुरू होतात. प्रत्येक जण आपण शिकलो तोच नियम खरा धरून बसलेला असतो. मीही बरीच वर्षं तसाच होतो. वेगवेगळ्या टेबलांवर खेळायला लागलो तेव्हा उमगलं की यातले बरेच फरक लहरीतून आलेले नाहीत. टेबल किती मोठं, पॉकेटचं तोंड कसं, पांढरा बॉल केवढा, यावर खेळाचा स्वभाव ठरतो आणि नियम त्या स्वभावाला धरून वाढतात. म्हणून नियमांआधी टेबलाकडे बघू. त्याआधी सगळीकडे सारखा असलेला सांगाडा सांगतो.

पंधरा बॉल, दोन गट आणि मध्ये काळा. एकाचे सात, दुसऱ्याचे सात. आपले सात आधी घालायचे आणि शेवटी काळा. काळा वेळेआधी गेला तर हार, आणि काळा घालताना त्याच शॉटवर फाउल झाला तरी हार. अमेरिकन पद्धतीत १ ते ७ हे पूर्ण रंगाचे सॉलिड आणि ९ ते १५ हे पट्ट्याचे स्ट्राइप. इंग्लिश पद्धतीत आकडे नाहीतच, सात लाल आणि सात पिवळे.

लाल-पिवळे बॉल म्हणजे ब्रिटिशांनी अमेरिकन खेळात केलेला बदल, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात उलटं आहे. हा खेळ अमेरिकेत १९०० च्या आसपास जन्मला, त्याची पहिली नोंद १९०८ ची आहे, आणि तो ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर या कंपनीच्या नावावरून ‘बी. बी. सी. कंपनी पूल’ म्हणून ओळखला जायचा. त्यात सात लाल, सात पिवळे आणि एक काळा बॉल होता. अधिकृत नियमपुस्तकात या खेळाला जागा मिळाली ती थेट १९४० मध्ये. म्हणजे जुनं रूप ब्रिटनच्या पबमध्ये टिकलं आणि मूळ घरी आकडे व पट्टे आले.

टेबल काय मागतं

स्पर्धेचं अमेरिकन टेबल नऊ फुटी असतं. त्याची खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद. कापड गुळगुळीत, लव नसलेलं आणि वेगवान. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. जागतिक संघटनेच्या मापांप्रमाणे कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड कमीत कमी साडेचार इंच असावं लागतं. सव्वादोनची दुप्पट साडेचार, म्हणजे दोन बॉल खेटून ठेवले तर त्या तोंडात नेमके मावतात. पॉकेटच्या दोन्ही कडा सरळ कापलेल्या असतात. त्यामुळे कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, घासत आलेला बॉलसुद्धा अनेकदा आत घसरतो. नेम थोडा चुकला तरी हे टेबल सांभाळून घेतं.

आता चायनीज एट-बॉलचं टेबल घ्या, ज्याला आता हेबॉल म्हणतात. लांबी तीच नऊ फूट आणि बॉलही तेच अमेरिकन. पॉकेट मात्र स्नूकरच्या वळणाचं. कोपऱ्याचं तोंड सुमारे ८५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड बॉल. हिशेब करून बघा. अमेरिकन टेबलावर बॉल आत जाताना दोन्ही बाजूंना मिळून आणखी एक अख्खा बॉल मावेल एवढी मोकळीक उरते, इथे उरते ती अर्ध्या बॉलची. शिवाय कडा गोलाकार. जोरात मारलेला बॉल त्या गोलाईला किंचित शिवला तरी या कडेवरून त्या कडेवर आपटत बाहेर येतो. कुशनला चिकटलेला बॉल लांबून घालायचा असेल, तर हात आपोआप हलका होतो. खेळ अमेरिकन आणि शिस्त स्नूकरची, असं हे मिश्रण आहे. सात वेळा जागतिक स्नूकर विजेता ठरलेला स्टीफन हेंड्री २०१२ मध्ये निवृत्त झाल्यावर याच खेळाच्या प्रसारात उतरला, त्याचं मला नवल वाटलं नाही. २०१५ मध्ये चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या युशान इथे याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि आज स्नूकर, इंग्लिश पूल आणि अमेरिकन पूल अशा तिन्ही घरांतले खेळाडू तिथे एकमेकांसमोर उभे राहतात.

तिसरं टेबल इंग्लिश पूलचं. सात फुटी, स्नूकरसारखी गोल कडांची पॉकेट आणि परंपरेनं लव असलेलं कापड. बॉल दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. क्यूचं, म्हणजे मारायच्या काठीचं, टोकही बारीक, साधारण साडेआठ-नऊ मिलिमीटरचं. अमेरिकन क्यूचं टोक बारा-तेराचं असतं.

इथे एक बारीक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. नाणं टाकून खेळायच्या टेबलांत गेलेले रंगीत बॉल आत अडकून राहतात. पांढरा चुकून पॉकेटमध्ये पडला तर तो मात्र परत मिळायला हवा, नाहीतर खेळच थांबेल. मग टेबलाच्या पोटातल्या यंत्रणेनं त्याला ओळखायचं कसं? ब्रिटिश टेबलांनी पांढरा बॉल लहान केला, एक पूर्णांक सात अष्टमांश इंचाचा, म्हणजे सुमारे ४७.६ मिलिमीटर. लहान बॉल वेगळ्या वाटेनं घरंगळत बाहेर येतो. अमेरिकेतल्या जुन्या बार टेबलांनी उलटी वाट धरली आणि पांढरा बॉल इतरांपेक्षा मोठा किंवा जड केला. पुढे चुंबकानं ओळखता येणारा पांढरा बॉल आला आणि आकार सारखा ठेवणं जमू लागलं.

ही सोय यंत्राची, पण तिनं खेळाचा हात बदलला. व्यास तीन मिलिमीटरनं कमी झाला की वजन साधारण अठरा टक्क्यांनी उतरतं, कारण वजन व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं. दोन सारखे बॉल एकमेकांवर नेमके समोरून आदळले आणि पांढऱ्यावर फिरकी नसली, तर पांढरा जागीच थबकतो. सगळा वेग पुढच्याला मिळतो. पांढरा हलका असेल, तर तो थबकत नाही, चिमूटभर मागे सरकतो. जड असेल, तर थोडा पुढे रेटत जातो. म्हणून इंग्लिश टेबलावर पांढरा मागे आणणं सोपं आणि आदळल्यावर पुढे नेणं अवघड. जुन्या अमेरिकन बार टेबलावर बरोब्बर उलटं. एका टेबलावर तयार झालेला खेळाडू दुसऱ्या टेबलावर गेला की पहिले दोन-तीन गेम त्याचा पांढरा वीतभर इकडे नाहीतर तिकडे थांबतो. त्याच्या क्यूला किंवा डोळ्याला काही झालेलं नसतं. हाताला दुसऱ्या वजनाची सवय असते, एवढंच.

सात फुटी टेबल म्हणजे सोपं, असंही ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेत लीगचे बरेच सामने सात फुटीवर होतात आणि तिथेही बॉल तेच सव्वादोन इंची. खेळायची जागा मात्र नऊ फुटीच्या साधारण साठ टक्के. तेवढ्या जागेत पंधरा बॉल कोंबले की नेम जवळचा होतो हे खरं, पण वाट मिळत नाही. पांढरा कुठेही न्यायचा म्हटलं तर मध्ये कुणीतरी उभं असतं. नऊ फुटीवर चूक होते ती लांबून मारताना, सात फुटीवर होते ती गर्दीतून जागा काढताना. व्यावसायिकांसाठी मात्र मोठं टेबलही हलकं पडू शकतं. वेगवान कापडावर ब्रेकनंतर सगळं टेबल साफ करणं त्यांच्या हातचं असतं. म्हणूनच २००६ मध्ये इंटरनॅशनल पूल टूरनं मोठ्या बक्षिसांच्या एट-बॉल स्पर्धा भरवल्या, तेव्हा मुद्दाम लव असलेलं संथ कापड घातलं होतं. त्यातली अमेरिकेतल्या रिनो शहरातली स्पर्धा फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसनं जिंकली.

खरा फरक फाउलनंतर कळतो

नियमांतले बाकी फरक विसरलात तरी चालेल, पण फाउल झाल्यावर समोरच्याला काय मिळतं, हे नीट समजून घ्या. अख्ख्या खेळाचा कल तिथून ठरतो.

जागतिक संघटनेच्या एट-बॉलमध्ये फाउल झाला की ‘बॉल-इन-हँड’. समोरच्यानं पांढरा बॉल हातात घ्यायचा आणि टेबलावर हवा तिथे ठेवायचा. (ब्रेकवरच पांढरा पॉकेटमध्ये गेला, तर मात्र सुरुवातीच्या रेषेमागेच ठेवावा लागतो.) फाउल कशाकशानं होतो? पांढरा पॉकेटमध्ये गेला, आपल्या गटाऐवजी दुसऱ्याच्या बॉलला आधी लागला, किंवा नीट लागला पण त्यानंतर ना काही पॉकेटमध्ये गेलं ना एकही बॉल कुशनला पोचला. ही शेवटची अट नवख्यांना जाचक वाटते, पण ती हवीच. ती नसती तर अडचणीत आलेला खेळाडू आपल्या बॉलला पांढरा नुसता टेकवून बसला असता आणि गेम तासभर सरकला नसता.

इंग्लिश पबमधली पद्धत म्हणजे ‘दोन शॉट’. पांढरा जिथे आहे तिथूनच खेळायचं, तो पॉकेटमध्ये गेला असेल तर बॉक रेषेच्या, म्हणजे ब्रेक जिथून मारतात त्या रेषेच्या, मागून. पण पहिला शॉट फुकट गेला तरी दुसरा हातात आहे. ब्लॅकबॉलनं हेच नेटकं केलं. पहिला ‘फ्री शॉट’, ज्यात कुठल्याही बॉलला आधी लागलं तरी चालतं, अगदी समोरच्याच्या किंवा काळ्यालासुद्धा, आणि पांढरा हवा तर बॉकमध्ये आणता येतो. त्यानंतर तुमची नेहमीची पाळी.

आता समजा, माझा एकच सॉलिड उरलाय आणि तो तुमच्या स्ट्राइपमागे पूर्ण लपलाय. तुमचे चार शिल्लक आहेत, त्यातले दोन एकमेकांना चिकटलेले. मी कुशनवरून वळवून माझा बॉल गाठायचा प्रयत्न केला आणि चुकलो. बॉल-इन-हँडमध्ये तुम्ही पांढरा त्या चिकटलेल्या जोडीच्या शेजारी, अगदी हव्या त्या कोनात ठेवाल, जोडी फोडत एक बॉल घालाल आणि पुढचे बहुधा ओळीनं जातील. माझी एक चूक म्हणजे गेम. दोन शॉटच्या पद्धतीत जोडी फोडायला तुम्हाला पहिला शॉट खर्चावा लागेल, तोही पांढरा जिथे थांबलाय तिथून. मग दुसऱ्या शॉटपासून घालायला सुरुवात. तिथेही मी अडचणीत आहे, पण संपलेलो नाही.

यातूनच जुनी क्लृप्ती निघाली. पांढरा जागेवरच राहणार असेल, तर मुद्दाम फाउल करून तो वाईट जागी नेऊन ठेवणं कधीकधी परवडायचं. फ्री शॉटनं त्यातली बरीच हवा काढली, कारण समोरच्याला तुमच्या बॉलमागे लपवलं तरी तो त्याच बॉलला मारून मोकळा होतो. बॉल-इन-हँडमध्ये तर असं फाउल करून लपवण्याला अर्थच उरत नाही. मला स्वतःला बॉल-इन-हँड जास्त न्याय्य वाटतं. चुकीची किंमत स्पष्ट असते आणि दोन्ही बाजूंना आधीपासून माहीत असते. पण दोन शॉटच्या खेळात हरत आलेल्यालाही झुंजायला जागा मिळते आणि त्यामुळे शेवट रंगतो, हेही मनापासून मान्य करतो.

समोरच्याचा बॉल चुकून घातला तर काय? अमेरिकन पद्धतीत आधी आपल्या बॉलला लागून त्याचा गेला, तर फाउल नाही. बॉल आतच राहतो, तुमची पाळी संपते आणि त्याचं एक काम तुम्ही केलेलं असतं. ब्लॅकबॉलमध्ये आपला एकही न घालता त्याचा घातला, तर तो फाउल.

सांगून मारण्याचंही तसंच. जागतिक नियमांत कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये जाणार हे उघड दिसत नसेल तर सांगावं लागतं, आणि भलत्या पॉकेटमध्ये गेला तर पाळी जाते. अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनच्या लीगमध्ये फ्लूक चालतो, फक्त आठसाठी पॉकेट आधी दाखवायचं. त्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला २ ते ७ अशी श्रेणी असते आणि तगड्याला जास्त गेम जिंकावे लागतात. नवख्याला बरोबरीत आणायचा इतका विचार केलेला असताना चुकून गेलेला बॉलही त्याच्या पदरात पडू द्यावा, हे मला सुसंगत वाटतं. इंग्लिश पूलमध्ये तर सांगायची प्रथाच नाही.

बाहीचा किंवा हाताचा रंगीत बॉलला धक्का लागला तर जागतिक नियमांत फाउल. बऱ्याच हौशी लीगमध्ये मात्र पांढऱ्याला लागलं तरच फाउल, बाकी बॉल समोरच्याच्या संमतीनं जागेवर ठेवून पुढे खेळायचं.

सहा घालून हरणारा

नियम कुठलेही असोत, एक दृश्य सगळीकडे दिसतं. एक जण धडाधड सहा बॉल घालतो, सातवा चुकतो आणि हरतो. बघणारे त्याच्या नशिबाला दोष देतात. नशिबाचा यात फारसा हात नाही. टेबलावर तुमचे बॉल असतात, तोवर ते समोरच्याच्या वाटेत उभे असतात. सहा उचलले म्हणजे त्याच्या वाटेतले सहा अडथळे तुम्हीच काढलेत. आता त्याला मोकळं मैदान आहे, आणि तुमचा एकटा बॉल त्याच्या सातांच्या गर्दीत अडकलाय.

म्हणून जाणता खेळाडू ब्रेकनंतर गट निवडताना किती बॉल गेले ते मोजत नाही. जागतिक नियमांत ब्रेकवर काही गेलं तरी गट ठरत नाहीत, टेबल खुलंच राहतं, ते याच विचाराला वाव देतं. तो चिकटलेल्या जोड्या बघतो. माझ्या गटात किती बॉल अडकलेत, ते फोडायला जवळ कुठला बॉल आहे, आणि काळ्याच्या आधी शेवटचा कुठला ठेवला तर पांढरा आपोआप काळ्यासमोर येईल. या शेवटून सुरू होणाऱ्या हिशेबात एका जरी जोडीचं उत्तर मिळालं नाही, तर तो दोन बॉल घालून थांबतो आणि सेफ्टी खेळतो, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असा पांढरा ठेवतो. अमेरिकन नियमांत शॉटआधी ‘सेफ्टी’ असं सांगितलं, तर बॉल घातला तरी पाळी समोरच्याकडे जाते. बॉल घालूनही पाळी सोडायची, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकतं.

हा हिशेब एकदा अंगात मुरला की टेबल बदललं तरी उपयोगी पडतो. इंग्लंडचा डॅरेन ॲपल्टन लहान टेबलावरच्या लाल-पिवळ्या बॉलवर तयार झाला आणि मोठ्या टेबलाकडे वळून २०१० आणि २०११ मध्ये सलग दोनदा यूएस ओपन नाइन-बॉल जिंकला. त्याच वाटेनं आलेल्या कार्ल बॉयसनं २०१० ची जागतिक एट-बॉल स्पर्धा जिंकली.

ब्रेकआधी विचारायचं

लिखित नियमांपलीकडे गल्लोगल्लीचे नियम आहेत, ते सगळे सांगत बसलो तर लेख संपणार नाही. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तुमचा शेवटचा बॉल ज्या पॉकेटमध्ये गेला, त्याच पॉकेटमध्ये आठ घालावा लागतो. जर्मनीतल्या पबमध्ये तो त्याच्या समोरच्या पॉकेटमध्ये घालायचा. इटलीत १ आणि १५ हे बॉल मधल्या पॉकेटमध्येच घालायचा प्रकार रूढ आहे. त्रिकोण लावण्याची जागासुद्धा सारखी नाही. अमेरिकन पद्धतीत टोकाचा बॉल ठिपक्यावर येतो, तर इंग्लिश पद्धतीत काळा ठिपक्यावर, त्यामुळे सगळा त्रिकोण दोन ओळी पुढे सरकतो. ब्रेक चांगला झाला का, हेही कुठे किती बॉल कुशनला लागले यावर ठरतं, तर कुठे किती बॉलनी मधली रेषा ओलांडली यावर.

अनोळखी टेबलावर मी आता त्रिकोण उचलण्याआधी चार गोष्टी विचारतो. ब्रेकवर आठ गेला तर काय? फाउलनंतर पांढरा कुठून? बॉल सांगून मारायचा का? आणि आठवर मारताना आठ तसाच राहिला पण पांढरा पॉकेटमध्ये गेला, तर हार की नुसता फाउल? चौथा प्रश्न लोक विसरतात. जागतिक नियमांत तो नुसता फाउल आहे, पण कित्येक टेबलांवर त्याला सरळ हार मानतात, आणि हे कळतं तेव्हा पांढरा बॉल आधीच पॉकेटमध्ये गेलेला असतो.